नाकामालाच्या कुंपणाशी पांढरा दिवा

संध्याकाळ उतरू लागली की सारामोली गावातील पुरुषमंडळींची पावले आपोआप बुले गाराएच्या नाकामालाकडे, म्हणजे कावा पिण्याच्या अड्ड्याकडे, वळत, आणि नाकामालातून बाहेर पडताना तीच पावले मातानच्या मेजापाशी थबकत. कावाची मुळे कुटून, पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून काढलेला तो मातकट रस करवंटीतून एका दमात घशाखाली उतरवला, की जीभ बधिर होते, ओठ जड होतात आणि तोंडात अशी कडू चव रेंगाळते, की ती घालविण्यासाठी मनुष्यास काहीतरी चावावेसे वाटते. त्या घासाला सारे जण तोंडधुणे म्हणत. मातानचे तोंडधुणे म्हणजे भाजलेल्या अळूकंदाच्या फोडी, तळलेल्या माशाचे तुकडे, नारळाच्या दुधात शिजविलेल्या पानांच्या गुंडाळ्या आणि पिकलेल्या पपईच्या फाका. नाकामालाच्या बांबूच्या कुंपणाला टेकून तिचे मेज कित्येक वर्षे उभे होते, आणि ते तेथून हलेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

नाकामालाच्या आत अंधार पाळला जाई. पाळला जाई असे म्हणण्याचे कारण, तो अंधार नुसता पडलेला नसून जाणीवपूर्वक राखलेला असे. कावा प्यालेल्या माणसाच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही व कानांना मोठा आवाज खपत नाही. म्हणून बाकांवरील माणसे कुजबुजत, आणि शिंकायचे झाले तरी तोंडावर हात धरून शिंकत. प्रकाश म्हणावा असा तेथे एकच होता, तो म्हणजे फाटकावरील लहानसा तांबडा कंदील. तो लागला म्हणजे आज ताजा कावा आहे, आणि नाही लागला म्हणजे आल्या पावली परत फिरावे. एवढे समजण्यासाठी सारामोलीत कोणास शाळेत जावे लागले नव्हते.

अशा या सुव्यवस्थित अंधारात नगरपालिकेचा नवा नियम येऊन पडला. सूर्यास्तानंतर रस्त्यावर शिजवलेले अन्न विकणाऱ्या प्रत्येकाने अन्नावर पांढरा दिवा लावावा, आणि तो असा असावा की घेणाऱ्यास अन्नाचा खरा रंग दिसेल. जो लावणार नाही त्याचा परवाना महिनाअखेरीस नवा होणार नाही, आणि परवाना नाही तर जागाही नाही.

या नियमाच्या तपासणीचे काम सेल्विन तारी या तरुण आरोग्य निरीक्षकाकडे आले. सेल्विन मूळचा माएवो बेटाचा, अंगाने सडपातळ, बोलण्यात मृदू, परंतु नियमाच्या बाबतीत अत्यंत कठोर असा मनुष्य होता. खांद्यावर कापडी पिशवी अडकवून तो पायीच हिंडे.

“आंटी, दिवा कुठाय?” पहिल्याच संध्याकाळी त्याने मातानला विचारले.

“आत्ताच बुडाला की समुद्रात,” मातान म्हणाली.

“तो नव्हे. पांढरा दिवा. बाजारात सगळ्यांना सांगितलं होतं.”

“अरे बाबा, इथं पांढरा दिवा लावला तर आतली माणसं माझ्या नावानं ओरडतील. ओरडतील तरी कुठं म्हणा, कावा प्यालेली माणसं. कुजबुजून शिव्या देतील.”

शेजारच्या मेजावर कोंबडीचे पंख विकणारी एलिझी हे ऐकून खुदकन हसली. “त्याला काय कळणार, आंटी. त्यानं आयुष्यात कधी करवंटी तोंडाला लावलेली नाही.”

“नाही लावली. आमच्या चर्चमध्ये चालत नाही,” सेल्विन शांतपणे म्हणाला. “पण मासा खराब झालाय का ते बघायला करवंटी लागत नाही. उजेड लागतो.”

“बरं, एक फाक पपई तरी खा.”

“कामावर असताना नाही.”

“फुकट नको असेल तर पैसे देऊन खा.”

“पैसे देऊनही नाही, आंटी. काय खातोय ते मला दिसतच नाहीये.”

एवढे बोलून तो पुढे गेला. मातानला राग आला, परंतु रागावर हसूही आले, आणि या दोहोंच्या मिश्रणातून तिच्या मनात त्या पोराविषयी एक प्रकारचे कुतूहल उत्पन्न झाले. पपईची फाक नाकारणारा सरकारी माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.

कुंपणाजवळच्या बायकांनी लवकरच तोड काढली. मिनीबस चालविणारा पोल सर्वांचेच गिऱ्हाईक होता. सेल्विन बंदराच्या चढाला लागला की पोलने हॉर्न वाजवायचा, हॉर्न ऐकू आला की सर्वांनी दिवे लावायचे, आणि त्याची पाठ वळली की पुन्हा घालवायचे. मातानलाही ही युक्ती पसंत पडली. तिने बाजारातून बॅटरीवर चालणारा एक पांढरा दिवा आणला आणि मेजावरच्या आडव्या बांबूला टांगला.

हॉर्न वाजला, दिवा लागला, आणि मातानने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सूर्यास्तानंतर आपले स्वतःचे ताट पाहिले.

अळूकंद जसे असावेत तसे होते. पपई तर झळाळत होती. परंतु माशाच्या एका तुकड्यात, काट्याच्या लगत, मांसावर किंचित हिरवट झाक होती. तिने दुसरा तुकडा उलटला. तेथेही तीच. लसणीच्या आणि नारळतेलाच्या वासाने नाकास काही कळू दिले नव्हते, आणि अंधाराने डोळ्यांस. सेल्विन अजून चढावर होता, आणि पोल तर मिनीबस लावून मेजापुढे येऊन हात पसरीत उभा होता.

“मासा दे, आंटी. मोठा तुकडा.”

“मासा संपला.”

“हा काय समोर दिसतोय.”

“खारट झालाय. अळू खा.”

तिने माशाचे सबंध ताट उचलले, मागे नेले आणि राखेच्या खड्ड्यात पुरले. एलिझीने काय झाले म्हणून विचारले, तिलाही तिने खारटपणाचेच कारण सांगितले. सेल्विन आला, दिव्याकडे पाहून त्याने मान हलविली आणि निघून गेला. त्याची पाठ वळताच सगळे दिवे एकेक करून विझले. मातानचा हात मात्र बटणापर्यंत जाऊन थांबला. वर्षानुवर्षे आपण अंधारात काय काय विकले असेल, हा विचार तिच्या छातीवर येऊन बसला होता. त्या संध्याकाळी तिचा दिवा विझला नाही.

त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. कुंपणालगतच्या बाकावरील माणसे डोळ्यांवर हात धरून उठली आणि आत सरकली. दुसऱ्या दिवशी काही जण आत सरकण्याऐवजी घरीच गेले. तिसऱ्या संध्याकाळी स्वतः बुले गाराए फाटकाबाहेर आला. तो मातानच्याच पेन्टेकोस्ट बेटाचा, तिच्याच वयाचा, आणि कुंपणाची जमीन त्याच्या मालकीची होती. नाकामालाच्या दाराशी मोठ्याने बोलणे अशक्य असल्यामुळे त्या दोघांचे ते भांडण अथपासून इतिपर्यंत कुजबुजीतच पार पडले.

“मातान, हा सूर्य कोणी टांगला इथं?”

“नगरपालिकेनं.”

“बाकीच्यांचे विझलेत. तुझाच का पेटलाय?”

“माझी मर्जी.”

“तुझी मर्जी आणि माझी गिऱ्हाइकं. एक करवंटी घेतात आणि डोळे चोळत घरी पळतात. उद्या हा दिवा दिसला तर मेज उचल आणि बस-थांब्यावर ने.”

“बस-थांब्यावर कोणाचं तोंड कडू असतं रे?”

“ते तू बघ.”

“आणि हळू बोल,” मातान आणखी हळू बोलत म्हणाली, “लोक बघतायत.”

अशा रीतीने मातान दोहोंकडून कोंडीत सापडली. दिवा ठेवावा तर बुले जागा काढून घेणार, घालवावा तर परवाना जाणार. तिसरी एक गोष्ट होती, ती म्हणजे इतरांप्रमाणे हॉर्न ऐकून दिवा लावणे. ती सर्वांत सोपी होती. परंतु राखेत पुरलेला मासा आठवला की दिवा घालवायला तिचा हात बटणावर जाईना.

रात्रभर विचार करून तिने एक मधला मार्ग शोधला. पेटीतून जुन्या तांबड्या कापडाचा तुकडा काढला आणि दिव्याभोवती गुंडाळला. दिवाही राहील आणि डोळ्यांनाही बोचणार नाही, असा तिचा हिशेब. संध्याकाळी दिवा लागला तेव्हा मेजावर मंद, मऊ, गुळासारखा उजेड पसरला. मातान समाधानाने टोपलीवर बसली.

थोड्याच वेळात टेकडीपलीकडच्या वस्तीतील दोन माणसे आली आणि मेजापुढे उभी राहिली.

“एक मोठी करवंटी,” पहिला म्हणाला.

“मी मासे विकते.”

“मासे नंतर. आधी करवंटी.”

“कावा आत मिळतो. फाटकातून जा.”

“मग दिवा बाहेर का लावलायस?” दुसरा म्हणाला, आणि त्याच्या मागे आणखी तिघे येऊन उभे राहिले.

मातानने मान वर करून आपल्या तांबड्या दिव्याकडे पाहिले, मग फाटकावरच्या बुलेच्या तांबड्या कंदिलाकडे पाहिले, आणि आपण काय करून बसलो हे तिच्या ध्यानात आले. तोवर रांग रस्त्यापर्यंत गेली होती. हातात नाणी धरलेली, घसे कोरडे पडलेली, अत्यंत सभ्य माणसे शांतपणे आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. ती कापड सोडवू लागली, पण गाठ सुटेना. आणि नेमक्या त्याच वेळी एका बाजूने बुले बाहेर आला व दुसऱ्या बाजूने सेल्विन.

“माझ्याच कुंपणाला टेकून,” बुलेची कुजबुज रागाने थरथरत होती, “माझ्याच नाकासमोर नाकामाल उघडलास?”

“आंटी,” सेल्विन म्हणाला, “कावा विकायचा परवाना वेगळा असतो.”

“विकतच नाहीये मी कावा.”

“मग ही माणसं?”

“त्यांना विचार. मला तरी कुठं ठाऊक होतं.”

रांगेतील एक जण पुढे झुकून अदबीने म्हणाला, “आमचं काही म्हणणं नाही, साहेब. फक्त लवकर करा.”

एलिझी मेजाखाली तोंड लपवून हसत होती. सेल्विनने रांगेला फाटकाकडे वळविले, गाठ स्वतःच्या हाताने सोडविली आणि कापड घडी करून मातानच्या हाती दिले.

“लाल उजेडात सगळेच मासे ताजे दिसतात, आंटी. हा दिवा नियमात बसत नाही. दिवा नीट होईपर्यंत आता मेज मांडायचं नाही.” मग तो म्हणाला, “एक विचारू का? हॉर्न वाजला की दिवा लावायचा आणि मी गेलो की घालवायचा, असं तुम्ही का नाही केलंत?”

एलिझीचे हसणे थांबले. फाटकापाशी उभ्या असलेल्या पोलने मान फिरविली.

“तुला माहितीये ते?” मातानने विचारले.

“मी कावा पीत नाही, आंटी. मला ऐकू येतं.”

मातानने क्षणभर विचार केला. काही सांगितले नसते तरी चालले असते. किंबहुना न सांगण्यातच तिचे हित होते, कारण समोर उभा असलेला माणूस परवान्यावर सही करणारा होता. तरीही ती बोलली. त्या पहिल्या संध्याकाळी काट्याजवळ काय दिसले, ताट कोठे पुरले, पोलला काय सांगितले, सर्व काही तिने कुजबुजत, खाली मान घालून सांगून टाकले.

“खारट नव्हता तो?” पोल म्हणाला. त्याचा हात नकळत पोटावर गेला.

सेल्विनने मातानची स्तुती केली नाही आणि तिला बोलही लावला नाही. तो एवढेच म्हणाला, “नियम मी बदलू शकत नाही. पण घेणाऱ्याला रंग दिसला पाहिजे, एवढंच त्यात आहे. बाकावर बसलेल्याला दिसलाच पाहिजे, असं कुठं म्हटलेलं नाही. महिना संपायला अजून वेळ आहे.”

मातानचे मेज बंद राहिले, आणि त्याची खरी झळ बुलेला लागली. एलिझीचे पंख चांगले असले तरी अळूकंदाची सर त्यांना नव्हती. माणसे एक करवंटी घेत, कडू तोंडाने इकडे तिकडे पाहत आणि दुसरी न घेताच घरी जात. कोणी बुलेला स्पष्ट काही म्हटले नाही, परंतु रिकाम्या कुंपणाकडे पाहून जो तो असा सुस्कारा टाकी, की बुलेला तो सुस्कारा शिवीपेक्षा झोंबे.

इकडे मातान घराच्या ओसरीवर बसून केवड्याच्या वाळवलेल्या पट्ट्या विणीत होती. तिच्या बेटावरच्या बायका लग्नकार्यासाठी लांबलचक चटया विणतात, आणि तो हात तिचाही होता. आता ती चटई विणीत नव्हती. ती एक खोल, उलटी टोपली विणीत होती, दिवा जिच्या बुडाशी राहील आणि उजेड फक्त खाली, ताटावर पडेल अशी. टोपली घेऊन ती कुंपणापाशी गेली तेव्हा एलिझीकडून टोपलीची बातमी कळल्यामुळे सेल्विन तेथे अगोदरच आलेला होता. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. अंगात घरातला फुलाफुलांचा सदरा होता आणि खांद्यावर पिशवी नव्हती.

“मला आत बसून बघायचंय,” तो बुलेला म्हणाला. “दिवा कुठं बोचतो ते. पण मी पिणार नाही.”

“मग तुला काय बोचणार?” बुले म्हणाला. “कोरड्या डोळ्यांना सगळंच चालतं.”

सेल्विनने हे मान्य केले. असे पटकन मान्य करणारा अधिकारी पाहून बुलेही जरा नरमला. मग त्या दोघांनी ठरविले, की प्यालेल्यांनाच विचारावे. पण प्यालेली माणसे बोलणार कशी? ज्याच्या डोळ्यांत उजेड जाईल त्याने हात वर करावा, असे बुलेने बाकाबाकाला जाऊन सर्वांच्या कानात सांगितले. सेल्विन त्यांच्यामध्ये पाण्याची करवंटी घेऊन बसला.

बाहेर मातानने टोपली दिव्यावर घातली आणि दिवा लावला. विणीच्या प्रत्येक फटीतून उजेडाचे बारीक बारीक ठिपके उडाले आणि कुंपणावर चांदण्यांसारखे पसरले. आत अंधारात एकामागून एक हात वर गेले. सेल्विनने फाटकातून मान बाहेर काढून नुसता नकार दिला. मातानने टोपली उतरविली आणि तेथेच मांडी घालून आत दुसरा थर विणावयास घेतला. कोणीही तिला घाई केली नाही. आतली माणसे दुसरी करवंटी घेऊन स्वस्थ बसून राहिली, कारण परीक्षक म्हणून आपले काम शिल्लक आहे याची त्यांना जाणीव होती.

दुसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा हात थोडे होते. तिने टोपलीची कड आणखी खाली उतरविली. आता एकच हात वर राहिला. तो पोलचा होता. बुलेने जवळ जाऊन पाहिले, तर पोल हात तसाच वर ठेवून झोपी गेलेला होता.

फाटकातून बाहेर आलेल्या सेल्विनकडे मातानने पाहिले. आपली सुट्टीची संध्याकाळ या मुलाने पाण्याची करवंटी हातात धरून, ज्यांचे पेय त्याला वर्ज्य त्यांच्या रांगेत बसून घालविली होती. नियम त्याने तसूभरही वाकू दिला नव्हता, आणि तिलाही मोडू दिले नव्हते. तिच्या डोळ्यांत पाणी आले. ते त्याला दिसण्याइतका उजेड तेथे नव्हता, याचे तिला बरे वाटले.

“आता परवाना देतोस?” तिने विचारले.

“आज नाही. आज माझी सुट्टी आहे,” सेल्विन म्हणाला. “उद्या येतो. ताट मांडून ठेवा. मासा बघितल्याशिवाय सही नाही.”

“आणि हॉर्न?” एलिझीने हळूच विचारले.

“हॉर्न बंद. तुम्हीही अशी टोपली करून घ्या. आंटी शिकवतील.”

“शिकवीन,” मातान म्हणाली. “पण हिचे हात पंखांच्या तेलानं बरबटलेले असतात. आधी धुवून ये म्हणावं.”

दुसऱ्या संध्याकाळी सेल्विन खांद्यावर पिशवी अडकवून आला. मातानचे मेज मांडलेले होते. दुरून पाहणाऱ्यास तेथे अंधाराशिवाय काही दिसले नसते, परंतु मेजापुढे उभे राहताच टोपलीखालचे ताट लख्ख उजळलेले दिसे. सेल्विनने माशाचा तुकडा उलटून काट्याजवळ पाहिले, दुसरा पाहिला, तळचाही पाहिला. मांस पांढरे शुभ्र होते. त्याने पिशवीतून परवाना काढला आणि सही करण्यासाठी इकडे तिकडे उजेड शोधला.

उजेड कोठेच नव्हता. जो होता तो सगळा टोपलीखाली होता.

तेव्हा त्याने परवाना ताटाच्या कडेला ठेवला, मातानने त्याला तेल लागू नये म्हणून दोन्ही टोके हाताने धरली, आणि सेल्विन पार खाली वाकून, कपाळ टोपलीच्या कडेखाली घालून सही करू लागला. कुंपणाच्या आतून कोणीतरी बुलेला आणखी एक करवंटी मागितली. मागून दोन गिऱ्हाइके येऊन थांबली, पण निरीक्षकाचे काम चालले आहे हे पाहून ती काही बोलली नाहीत.

“झालं?” मातानने विचारले.

“शाई वाळू द्या,” तो टोपलीखालूनच म्हणाला, आणि ती वाळेपर्यंत तसाच वाकून राहिला.